उपाशी स्पीकर

मुंबईच्या खोलीत मोठ्याने गाणं लावता आलं नाही, ही खंत मी निवृत्तीपर्यंत जपली. मालवणला दांडीवरच्या घरी परतताना ती व्याजासकट वसूल करायची म्हणून एका हौशी माणसाकडून विलायती स्पीकरांची वापरलेली जोडी घेतली. किंमत सव्वा लाख, वजन एकेकी २२ किलो. कोकणकन्येतून कुडाळला उतरवताना हमाल म्हणाला, "काका, जाती आसत काय ह्यात?"

अ‍ॅम्प्लिफायरला पैसे उरले नाहीत, हे बायकोला सांगितलं नाही. स्पीकरांची किंमतही सांगितली नव्हती, तेव्हा एकूण हिशेब जुळत होता. माळ्यावर वडिलांचा १५ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याच्या पाठीवर लिहिलेलं '८ ओहम'. स्पीकरच्या पाठीवर '४ ओहम, ८४ डेसिबल'. चार म्हणजे आठाच्या निम्मे, म्हणजे कामही निम्मं, असं माझं गणित. खरं तर ओहम जितके कमी, तितका स्पीकर करंट जास्त ओढतो.

शेजारपाजारच्यांना बोलावून किशोरी आमोणकरांचा भूप लावला. ताई समोरच्या किल्ल्यावर बसून गात असाव्यात आणि वारा उलटा असावा, इतपतच ऐकू येत होतं. मी बटण टोकाला नेलं. भूपाला मध्यम आणि निषाद वर्ज्य. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरने दोन्ही घेतले, वर खरखरीचा एक आठवा स्वर. मग उजव्या स्पीकरातला, बारीक सूर काढणारा ट्विटर 'टिक' म्हणून गेला. शेजारचे आबा "वा!" म्हणाले आणि त्यांनी आणखी एक खाजा उचलला.

पुतण्या मंडपवाला. त्याने काडेपेटीएवढ्या मीटरने तपासून विचारलं, "काका, जाळलात कसो?"

"छोटाच तर अ‍ॅम्प्लिफायर होता!"

"म्हणानच जळलो."

मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जळतो, ही माझी आयुष्यभराची समजूत. पण कुवतीबाहेर ताणलेला अ‍ॅम्प्लिफायर लाटेचे शेंडे छाटतो, आणि त्या छाटणीतून निघणारी तिखट ऊर्जा नाजूक ट्विटरवर जाऊन पडते. "रापण ओढूक गाव लागता," पुतण्या म्हणाला, "तुमी एक म्हातारो उभो केलात." तो अ‍ॅम्प्लिफायरबद्दल बोलत होता, असं मी धरून चाललो.

त्याचा दशावताराचा कर्णा दिसायला भोपळ्याच्या फुलासारखा. पण तो एका वॉटला १०४ डेसिबल देतो म्हणाला; माझे स्पीकर ८४. दर १० डेसिबलला वॉट दहापट. म्हणजे जिथे त्याला एक वॉट पुरे, तिथे माझ्या सव्वा लाखाला शंभर हवेत. संकासुराची आरोळी पुढच्या वाडीत पोचते आणि माझा भूप पडवीही ओलांडत नाही, त्याचं कारण हे.

ट्विटर मुंबईहून मागवला. पुतण्याने आपला मंडपाचा अ‍ॅम्प्लिफायर आणून '४ ओहम'च्या खुंटीला तारा जोडल्या आणि किशोरीताई किल्ल्यावरून थेट ओटीवर आल्या. बायकोसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बरा वाजता," म्हणाली, "कितीक पडलो?" मी आवाज वाढवला.

पण त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या आणि पुतण्या अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गेला. तो आता थेट पावसाळ्यात मोकळा होतो. जूनमध्ये त्याने प्रामाणिकपणे आणून दिला, तारा जोडल्या, बटण दाबलं. वीज मात्र आदल्या रात्रीच्या वाऱ्याबरोबर गेली होती.