मामांचा ओटीपी

आमच्या मामांच्या कृषी सेवा केंद्राचा कारभार 2020 च्या उन्हाळ्यात क्लाउडवर गेला, असं मी ऑफिसात सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आदर दाटून येतो. वस्तुस्थिती अशी, की तो कारभार आधी गच्चीवर गेला. दुकान बिडकीनच्या भर बाजारात, दोन उंच इमारतींच्या बेचक्यात. तिथं रेंज यायची ती घाईतल्या पाहुण्यासारखी, उंबऱ्यातूनच परत फिरणारी. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं, की मोबाइलवर दोन काड्या दिसत. त्या दोन काड्यांवर आमचा खरीप निघाला.

25 मार्चपासून देश बंद झाला. बी-बियाणं आणि खतं अत्यावश्यक ठरल्यामुळं मामांचं दुकान ठरलेल्या वेळेत उघडं राहिलं. बंद झाला तो हिशेब. आमचा अकाउंटंट राहायचा शहरात. महिन्याच्या महिन्याला मोटारसायकलवर येऊन तो बिलांची पिशवी घेऊन जायचा आणि पुढं त्या पिशवीचं काय होतं हे मामांनी कधी विचारलं नव्हतं. बिडकीन ते शहर हे अंतर पंचवीसेक किलोमीटर. एरवी पैठण रोडनं डुलकी लागायच्या आत संपणारं. आता मधे नाका, नाक्यावर पोलीस आणि पोलिसांच्या हातात काठी. पण मृग कुणाच्या पासची वाट बघत नाही. कपाशीचं बियाणं हवं, खत हवं, माल आणायचा तर ई-वे बिल हवं, कंपनीला पैसे पाठवायचे तर बँक हवी. मी पुण्याच्या खोलीला कुलूप लावून गावी आलो होतो, घरून काम करत होतो. म्हणजे मामांच्या मते रिकामा होतो.

मग एनीडेस्क आलं. अकाउंटंटनं फोनवरून सांगितलं, "काका, ते उघडा आणि वर दिसतोय तो नंबर वाचून दाखवा." नंबर सांगितला आणि पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला. टॅली उघडली, व्हाउचर भरू लागलं. मामांनी माउसवरचा हात झटकन काढला आणि ते खुर्चीतून उठून बाजूला उभे राहिले.

"उठलात कामून?" मी विचारलं.

"त्याला बसू दे ना नीट."

पुढची वीस मिनिटं ती खुर्ची रिकामी आणि मामा उभे. मामी चहा घेऊन आल्या तेव्हा एक कप जास्त होता की नाही, हे मी बघितलं नाही. पण मामा ट्रेकडं आणि मग कॉम्प्युटरकडं बघत होते हे खरं.

एनीडेस्कसाठी दुकानातला कॉम्प्युटर चालू असावा लागतो आणि त्यासाठी लाइट लागते. बिडकीनला मे महिन्यात लाइटीचा भरवसा किती, हे वेगळं सांगायला नको. अकाउंटंटनं सुचवलं, की टॅलीच क्लाउडवर टाकू. महिन्याचं भाडं भरायचं, डेटा दूर कुठंतरी सर्व्हरवर राहील. लाइट गेली, कॉम्प्युटर मेला, दुकानात पाणी शिरलं तरी हिशेब शाबूत. मामांनी सगळं शांतपणे ऐकून एकच प्रश्न टाकला, "आपली उधारी पण तिकडंच जाणार का?" जाणार, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. खरेदी गेली, विक्री गेली, स्टॉक गेला, बँक गेली. उधारीची लाल वही मात्र गादीखालीच राहिली. कुणाच्या पोरीचं लग्न आहे, कुणाची विहीर बसली, कुणाला दसऱ्यापर्यंत काही विचारायचं नाही, हे सगळं त्या वहीत मामांच्या खुणांनी लिहिलेलं असतं. "लोकाची अब्रू आहे ती," मामा म्हणाले, "ती कशाला परगावी ठेवायची?" डेटा सुरक्षेवर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

असा सगळा थाट जमला आणि मग कळलं, की या अवाढव्य यंत्रणेची किल्ली मामांच्या बंडीच्या खिशात आहे. जीएसटी, ई-वे बिल, बँक, कंपनीचं ॲप, क्लाउडचं लॉगिन, सगळीकडं नोंदवलेला मोबाइल नंबर एकच आणि तो मामांच्या बटणाच्या फोनचा. अकाउंटंट शहरातून रिटर्न भरायला बसे, ओटीपी मामांकडं जाई आणि मामा शेतात असत. शेत निलजगावच्या अंगाला. तिथं रेंज मिळते ती फक्त बांधावरच्या लिंबाखाली.

जीएसटीचा ओटीपी दहा मिनिटं जगतो. अकाउंटंट मला फोन लावणार, मी मामांना. त्यातही त्या दिवसांत फोनची घंटी वाजण्याआधी खोकल्याची ढास आणि हात धुण्याचा उपदेश ऐकावा लागे. सरकारचाच कर भरायला सरकारच अडवत होतं. पलीकडून मामांनी उचललाच, तर पहिल्या दिवशी त्यांनी ओटीपी द्यायला साफ नकार दिला. "यात लिहिलंय, कुणालाही सांगू नका." बँकेचा मेसेज शेवटपर्यंत वाचणारा हिंदुस्थानातला हा एकमेव खातेदार आमच्याच घरात निघावा!

समजूत काढल्यावर ते सांगू लागले, पण जोडीजोडीनं. "घे लिहून. एकोणसत्तर, एकोणऐंशी, सत्तावन्न." अकाउंटंट इंग्रजी शाळेत शिकलेला. एकोणसत्तर म्हणजे सत्तरच्या अलीकडं की पलीकडं, हे ठरेपर्यंत ओटीपी वारला. जून महिन्यात सरकारनं सोय केली, की ज्यांची उलाढाल शून्य त्यांनी रिटर्न एसएमएसवर भरावं. मामा म्हणाले, "धंदा न करणाराचं बरंय. करणाराला झाडाखाली उभं करतेत."

खताची तऱ्हा आणखी वेगळी. 2018 पासून अनुदानाचं खत पॉस मशीनवर नोंदवूनच विकावं लागतं. गोणी बिडकीनला विकली, की नोंद थेट केंद्र सरकारच्या यंत्रणेत जाते आणि त्या नोंदीवर कंपनीला अनुदान मिळतं. म्हणजे दुकानात शिल्लक किती, हे मामांच्या आधी दिल्लीला कळतं. मधे एवढाच अडथळा, शेतकऱ्याचा अंगठा. जन्मभर खुरपं धरलेल्या अंगठ्यावरच्या रेषा मशीनला दिसेनात. त्यात कोरोना. आधी सॅनिटायझर लावा, मग अंगठा लावा. ओला अंगठा मशीन घेईना. शर्टाला पुसला तर कोरडा पडला, तरी घेईना. मग मामांचा ठरलेला इलाज: "डोक्याला घासा." केसांतलं तेल अंगठ्याला लागलं, की मशीन चिट्ठी सोडी. टक्कल असलेल्या गिऱ्हाइकाची मात्र पंचाईत. एकानं मुकाट्यानं शेजारच्याच्या डोक्याला अंगठा घासला. सुरक्षित अंतराचा नियम तिथंच निकालात निघाला.

आणि त्याच जूनमध्ये ती बातमी आली. तेव्हाचे कृषिमंत्री दादा भुसे साधे शेतकरी बनून शहरातल्या एका खताच्या दुकानात गेले, युरिया मागितला, नाही म्हणून ऐकलं आणि नंतर गोदामात हजारावर गोण्या निघाल्या. मामांचा साठा चोख होता, फलकावर रोजचा आकडा खडूनं लिहिलेला असे. पण तोंडाला रुमाल बांधलेला कुठलाही अनोळखी माणूस मंत्री असू शकतो, हा विचार त्यांच्या मनात बसला. आणि त्या दिवसांत तर सगळेच रुमाल बांधलेले. येईल त्याला खुर्ची, पाणी आणि न विचारता युरियाचा आकडा. एक जण उंदराचं औषध घ्यायला आला होता. त्यालाही गोदाम दाखवलं.

10 ते 18 जुलै शहर पुन्हा कडेकोट बंद झालं. तोपर्यंत आम्ही सराईत झालो होतो. अकाउंटंट घरातून, मी टाकीपाशी, मामा लिंबाखाली. एकही रिटर्न चुकलं नाही. ज्या अभियंत्यांनी दूरदेशी बसून ही व्यवस्था उभारली, त्यांच्या आराखड्यात लिंबाचं झाड नसणार. आमच्या आराखड्यात तेच मध्यवर्ती होतं.

मामांचा विश्वास तरी पुरता बसला नाही आणि 19 जुलै 2024 ला त्यांना पुरावाच मिळाला. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट सुटलं आणि जगभरातले सुमारे 85 लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडं विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो फोटो मामांनी पेपरातून कापून लाल वहीत ठेवला.

त्याच वर्षी 29 सप्टेंबरला बिडकीनची 7,855 एकरांची औद्योगिक वसाहत पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केली. तीही व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं, कारण तीन दिवस आधीचा त्यांचा पुणे दौरा पावसानं रद्द झाला होता. मामांना कोण समाधान! "बघ," म्हणाले, "एवढं मोठं काम, ते पण ऑनलाइनच. ओटीपी कुणाकडं आला असंल?"

आता वसाहतीमुळं रेंज दुकानातसुद्धा येते. गच्चीवर फक्त पापड वाळतात. आमचा नवा अकाउंटंट हुशार आहे. त्यानं आल्या आल्या सांगितलं, की सगळीकडचा मोबाइल नंबर बदलून टाकू, कटकट मिटेल. गेल्या सोमवारी आम्ही बसलो. बँकेचा नंबर बदलायचा अर्ज भरला, कॅप्चा भरला, बटण दाबलं. पडद्यावर आलं, की खात्रीसाठी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

मामा शेतात गेले होते.