टाकीची फाईल

नानाकाकांच्या घरी पावसाच्या पाण्याची टाकी नव्हती, तेव्हाही टाकीची फाईल होती. करड्या पुठ्ठ्याची, लाल नाडीची. उभं आयुष्य त्यांनी बँकेत, कर्जखात्यात काढलं. कागद पुरे झाल्याशिवाय पैसा हलवायचा नाही ही शिस्त तिथली, आणि कागद कधीच पुरे होत नाहीत हा अनुभवही तिथलाच. दोन्ही घेऊन ते निवृत्तीनंतर रत्नागिरीजवळच्या आमच्या मूळ घरी राहायला आले.

काही माणसं वस्तू घेतात, काही माहिती काढतात. नाना दुसऱ्या जातीचे. माहिती पुरेशी जमली की वस्तू घ्यायची गरजच उरत नाही. मिक्सरची माहिती काढता काढता काकूंनी आठ वर्षं पाट्यावर वाटण वाटलं. पण पाण्याचं तसं नव्हतं. आमच्याकडे आषाढात अंगणातून ओढा वाहतो आणि शिमगा उलटला की विहिरीत डोकावल्यावर स्वतःचं तोंड दिसायच्या आधी तळ दिसतो. जांभा दगडच तसा, आलेलं पाणी धरून ठेवायची त्याला सवय नाही. पहिल्याच उन्हाळ्यात टॅंकरमागे कळशी घेऊन पळाल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, एक टाकी घेऊ या. पागोळ्यांचं पाणी धरू."

"माहिती काढतो," नाना म्हणाले. त्याला चार वर्षं झाली.

आधी त्यांनी हिशेब मांडला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमचं छप्पर साधारण शंभर चौरस मीटर. पाऊस, हात आखडता घेतला तरी, 3,000 मिलिमीटर. म्हणजे तीन लाख लिटर. कौलं पितात, वारा उडवतो, पन्हळीबाहेर सांडतं, म्हणून पाचवा हिस्सा वजा. राहिलं 2,40,000 लिटर. एवढ्याची टाकी हवी, असं ठरवून नाना फूटपट्टी घेऊन जागा शोधायला लागले. दोन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की शंभर चौरस मीटरचं आपलं घरच आठ फुटांपर्यंत भरलं तर बरोबर एवढं पाणी मावतं.

"मग आपण कौलांवर राहू," काकू म्हणाल्या.

त्यानंतर दुकानं. रत्नागिरीतल्या टाक्यांच्या दुकानदारांना नाना लांबून ओळखू येत. पोऱ्याला चहा सांगितला जाई, स्टूल पुढे येई आणि कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये जाई. नाना प्रत्येक टाकी बोटाच्या पेरांनी वाजवून बघत, बाजारात फणस बघावा तशी. थर तीन की चार? काळ्या टाकीत उजेड शिरत नाही म्हणून शेवाळ धरत नाही, हे त्यांना पटे. पण काळी टाकी उन्हात तापते, हेही पटे. अशा दोन्ही बाजू पटलेल्या अवस्थेत ते दुपारच्या एसटीनं परत येत. येताना हातात दरपत्रक. ते फाईलला लागे. पुढच्या खेपेपर्यंत भाव वाढलेले असत, त्यामुळे नवं दरपत्रक आणावंच लागे.

मुंबईला गेले की ते कान्हेरीला जात. एरवी लेण्यांत लोक बुद्धमूर्ती बघतात. नाना लेण्यांबाहेरची कातळातली टाकी टेपनं मोजत. "बघ, दोन हजार वर्षांपूर्वी त्या भिक्षूंना कळलं होतं. पन्हळ खोदली, उतार दिला, पाणी दाराशी आणलं!" त्यांनी हे सांगितलं तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांनी कोटेशनं मागवली नव्हती."

बरं, नानांच्या शंका खोट्या असत असंही नाही, हीच खरी अडचण. एकदा पाच हजार लिटरची उभी प्लास्टिकची टाकी जवळजवळ ठरली होती. नानांनी वळचणीखाली उभं राहून मोजलं. पन्हळ सात फुटांवर. टाकी जवळजवळ तेवढीच उंच, खाली चौथरा दीड फुटाचा, कारण भरल्यावर पाच टन वजन. म्हणजे टाकीचं तोंड पन्हळीच्या वर! पाणी काही उडी मारून आत जाणार नाही. हा शोध त्यांना फार सुखाचा गेला. आठवडाभर ते त्याच आनंदात होते. टाकी अर्थात रद्द झाली.

मग माकडं. ती कौलं फोडतात, वर घाण करतात. म्हणून पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, वेगळ्या नळीनं सोडून द्यायचं. हा नियम नानांनी इतका मनावर घेतला, की चार अख्खे पावसाळे सोडून दिले.

गेल्या वैशाखात नाना महिनाभर मुलीकडे पुण्याला गेले. जाताना फाईल घेऊन गेले; तिकडे बांधकाम साहित्याचं कसलंसं प्रदर्शन होतं. एसटी वळणाआड गेली आणि काकूंनी गवंड्याला निरोप धाडला.

काकूंचा हिशेब कळशीत होता. पाऊस किती पडतो हे त्यांनी विचारलंच नाही; तो पडतोच. विहीर किती दिवस नसते, एवढंच त्यांनी धरलं. शिमग्यापासून मृगापर्यंत शंभर दिवस. दोघांना प्यायला नि रांधायला दिवसाला दोन कळश्या, म्हणजे तीस लिटर. तीन हजार झाले. मे महिन्यात नातवंडं येतात, त्यांचे आणखी दोन. पन्हळ बुटकी, तर टाकीही बुटकी: चार फूट उंच, साडेसात फूट रुंद. सळ्या, कोंबडीजाळी, वर सिमेंटचा गिलावा. गवंड्यानं फेरोसिमेंट म्हटलं, काकूंनी 'जाळीचा हौद' म्हटलं, काम तेच. ओली गोणपाटं घालून त्यांनी तो निगुतीनं भिजत ठेवला, बाळंतिणीसारखा. वर झाकण, तोंडाला मच्छरजाळी, जास्तीच्या पाण्याची नळी विहिरीत. आणि गवंड्याला बजावलं, "जूनचं पाणी वापरायला. पिण्याचं धरायचं ते हस्ताचं. तोवर कौलं धुऊन लख्ख होतात. तेव्हा एकदा हौद रिकामा करून घासून देशील."

नाना परत आले ते मृगाच्या तोंडावर. हौदाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. पेरांनी वाजवून पाहिला. टेप लावला, कागदावर गुणाकार केला. उत्तर पाच हजार तीन लिटर आलं. काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शेजारचे बघायला आले, तेव्हा मी माझ्या कानांनी ऐकलं: "चार वर्षं अभ्यास केला, तेव्हा कुठे आम्ही या निर्णयाला आलो."

पाऊस लागला. पहिल्या सरी बाजूच्या नळीनं गेल्या, मग पाणी हौदात घेतलं. आमच्या छपराला साठ-पासष्ट मिलिमीटर म्हणजे पाच हजार लिटर, आणि कोकणात तेवढा एका रात्रीत होतो. पहाटे तीनच्या सुमारास मला जाग आली. नाना बाहेर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात विजेरी. हौद तोंडोतोंड भरला होता आणि जास्तीचं पाणी नळीतून धो धो विहिरीकडे चाललं होतं. काकू दारात उभ्या होत्या.

"अगं, वाहून चाललंय! दहा हजारांचा बांधायला हवा होता."

काकूंनी पदर डोक्यावर घेतला.

"बरं," त्या म्हणाल्या, "काढा माहिती."