खणखणीत नाणं

न्यू जर्सीत रविवारी सकाळी एखाद्या पार्कात मराठी माणूस मान खाली घालून, कानाला हेडफोन लावून, हातातली लांब दांडी जमिनीला न टेकवता डावी-उजवीकडे फिरवत चालताना दिसला, तर त्याला ‘काय हरवलं?’ असं विचारू नये. सगळे तेच विचारतात आणि नानांचं डोकं नेमकं तिथेच फिरतं. “हरवलंय दुसऱ्याचं. सापडणार मला,” एवढं बोलून ते हेडफोन परत कानावर ओढतात.

नाना निवृत्त झाल्यावर घरातल्या प्रत्येक कामात सुधारणा सुचवायला लागले, तेव्हा मुलाने दूरदृष्टीने त्यांना मेटल डिटेक्टर भेट दिला. घर वाचलं. पण या छंदात माणूस नाण्यांच्या मागे असतो हा आपला गैरसमज. त्याला खरी हौस असते ती खणायच्या आधी सांगायची. “खणून काय, कुणीही सांगेल,” हे नानांचं म्हणणं. “आवाजावरून सांगता आलं पाहिजे.”

आता हा आवाज फार मायावी. दांडीच्या टोकाच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने जमिनीतल्या धातूत प्रवाह फिरतात आणि त्यांचा प्रतिसाद किती उशिरा येतो त्यावरून यंत्र आकडा ठरवतं. चांदी, तांबं यांचा आकडा वर चढतो, चॉकलेटची चांदी खालीच राहते, लोखंड नुसतं घुरघुरतं. नानांच्या यंत्रावर डाईम-क्वार्टर ही नाणी ऐंशीच्या पुढे वाजतात. इथवर सगळं सोपं. घोडं पेंड खातं ते निकेलपाशी. पाच सेंटांच्या या नाण्याचं नाव निकेल, पण आत 75 टक्के तांबं, आणि बोलतं ते पन्नाशीत. कोकच्या कॅनची ओढायची कडीही पन्नाशीतच बोलते. सोन्याची अंगठीसुद्धा कितीदा तिथेच! म्हणजे कडी म्हणून सोडावं तर बरोबर सोनं जातं आणि सोनं म्हणून खणावं तर कडी निघते. त्यात 1982 पासून सेंटही बहुतांशी जस्ताचा झाला, वर तांब्याचा नुसता मुलामा. मातीत तो कुजतो आणि त्याचा आकडा घसरत जातो. नाना याला ‘सरकारी भेसळ’ म्हणतात.

एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. यंत्र वाजल्याबरोबर नाना थबकले. आधी आडवी दांडी फिरवली, मग काटकोनात वळून उभी. “ऐक. दोन्हीकडून सारखाच. गोल वस्तू आहे. मोडका पत्रा असता तर आकडा उड्या मारत बसला असता.” मग कॉइल हळूहळू मागे ओढली, कारण सोड्याच्या बाटलीचं दातेरी झाकण मध्यावर नाण्याची ऐट आणतं, पण कडेला आलं की त्यातलं लोखंड कुरकुरतं. कुरकुर नाही! नानांनी डोळे मिटले. “क्वार्टर. चौसष्ट सालचं किंवा त्याआधीचं. नव्वद टक्के चांदी.” गवताचा थर नीट कापून उलटला, आतली माती रुमालावर काढली, बोटांनी चाचपली. निघालं अॅल्युमिनियमचं, आट्यांचं झाकण. बाटली बिअरची असावी. नानांनी ते पुसून निरखलं आणि शांतपणे म्हणाले, “गोल आहे म्हटलं होतं की नाही?”

डोंगर पोखरून उंदीर निघाला तरी हा मनुष्य खचत नाही, कारण त्याच्याकडे दाखले तयार असतात. 1881 साली राष्ट्राध्यक्ष गारफिल्डना गोळी लागली, तेव्हा ती शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः असलंच यंत्र घेऊन गेला. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला. डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली आणि गोळी निघाली डावीकडे. “बेलला जमलं नाही, तिथे आपण कोण?” नाना विचारतात. दुसरा दाखला इंग्लंडातल्या होक्स्नीचा. 1992 मध्ये तिथे एक माणूस मित्राची हरवलेली हातोडी शोधत होता आणि त्याला सुमारे पंधरा हजार रोमन नाण्यांचा साठा सापडला. यावर नानांच्या पत्नी, काकू, एवढंच म्हणतात, “त्याला निदान हातोडी तरी शोधायची होती.”

काकूंचा राग यंत्रावर नाही, बरण्यांवर आहे. त्यांच्या लोणच्याच्या बरण्या बेसमेंटमध्ये गेल्या आहेत. एकीत खिळे, एकीत झाकणं, सगळ्यात मोठीत कड्या. नाणी मात्र काजूच्या डबीत अजून ऐसपैस राहतात.

परवा गेलो तर नाना कड्यांची बरणी टेबलावर ओतून भिंगाने दोन ढीग करत बसले होते.

“हे बघ. ही हल्लीची, कॅनलाच चिकटून राहते. अशी कडी 1975 मध्ये आली. आणि ही त्याआधीच्या तऱ्हेची, जिभेसकट तुटून हातात यायची. लोक प्यायचे आणि ही तिथेच फेकायचे. पन्नासेक वर्षांची असेल! आता याला कचरा म्हणशील?”

मी काही म्हणायच्या आत काकू जिन्यावरून म्हणाल्या, “अहो, पुरातन वस्तूंना म्युझियममध्ये काचेचं कपाट असतं. माझी बरणी धुऊन वर आणा. उद्या कैऱ्या येतायत.”