लाल बैलांची जोडी

२०११ सालची भाऊबीज शुक्रवारी आली होती. बहिणीनं ओवाळून तबक खाली ठेवलं, आणि मी खिशात ओवाळणी चाचपत असतानाच भाच्यानं माझ्याच हातावर दोन तिकिटं ठेवली.

"मामा, रविवारी दिल्लीजवळ फॉर्म्युला वनची शर्यत आहे. भारतात पहिल्यांदाच होतेय. चला माझ्यासोबत."

"मले काय समजते त्यातलं? तुह्या बापाले ने."

"बाबांना सुट्टी नाही."

म्हणजे मामा रिकामा आहे, हे पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरानं हिशेबात धरूनच तिकिटं काढली होती. तिकीट अडीच हजारांचं. मी मनातल्या मनात भाग दिला. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला १,६९० रुपये. एका माणसानं तिथं बूड टेकायचं म्हणजे दीड क्विंटल सोयाबीन, दोघांचे तीन. चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं, कारण तो घाईनं म्हणाला, "मामा, हे सगळ्यात स्वस्तातलं आहे."

शर्यत ही काही मला नवी नव्हती. आमच्याकडे तिला पट म्हणतात, शंकरपट. पिकं निघून रान मोकळं झालं की एखादं लांबलचक सपाट शेत बघायचं, ढेकळं फोडून साफ करायचं, आणि हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी त्यावरून सोडायची. धुरकरी छकड्यावर असतो म्हणायचं; खरं तर अर्धा छकड्यावर आणि अर्धा हवेत. सगळा खेळ काही सेकंदांचा, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. त्या सेकंदांसाठी माणूस भल्या पहाटे भाकर बांधून निघतो, दिवसभर धुऱ्यावर उन्हात बसतो, नात्यातल्या चार लोकांना भेटतो, एखाद्याच्या पोरीसाठी स्थळ सुचवतो आणि अंधार पडता पडता घरी येतो. बायको विचारते, "कोण जिंकलं?" ते सांगायला क्षणभर आठवावं लागतं.

त्या वर्षी मात्र पटाची पंचाईत झाली होती. ११ जुलै २०११ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंगतीला आमचा ढवळ्या! तेव्हा त्या हंगामात पाहायला दुसरं काही नव्हतंच. मी हो म्हणालो.

आता डोणगावहून दिल्ली. मेहकरच्या पुढे मालेगावच्या रस्त्यावरचं आमचं गाव. रेल्वे आमच्याकडे नाही, मेहकरलाही नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी इंग्रजांच्या राज्यापासूनची, म्हणजे या मार्गाची वाट पाहणाऱ्यांची चौथी पिढी आता नोकरीला लागली आहे. तेव्हा एसटीनं मेहकर, मेहकरहून चिखली, चिखलीहून बुलढाणा, राजूरचा घाट उतरून मलकापूर, तिथून भुसावळ, आणि रात्री उशिरा दिल्लीची गाडी. जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारी पाहायला निघालेले आम्ही दोघं घाटात एका कडब्याच्या ट्रकमागे इतका वेळ होतो, की त्याच्या पाठीवरचं "हॉर्न ओके प्लीज" मला वळणासकट पाठ झालं. भाचा घड्याळ बघत होता. मी त्याला म्हणालो, "पाह्य, ओव्हरटेक करणं किती कठीण असते." फॉर्म्युला वनमधलीही हीच मुख्य तक्रार असल्याचं त्यानं सांगितलं.

शनिवारी झाशीला हिंदी पेपर घेतला आणि माझं मन एकदम हलकं झालं. शुक्रवारी पहिल्याच सरावात ट्रॅकवर कुत्रं शिरलं होतं. जगभरातले चोवीस चालक, त्यांचे शेकडो माणसांचे लवाजमे, आणि एका गावठी कुत्र्यानं सगळ्यांना लाल झेंडा दाखवून थांबवलं. भाचा लाजेनं मान खाली घालून म्हणाला, "काय म्हणत असतील परदेशातले लोक!" मला मात्र पहिल्यांदाच वाटलं की, आपण जातोय ती जागा ओळखीची असणार. कुत्र्याशिवाय पट मी आजवर पाहिलेला नाही. जोडी सुटायची वेळ झाली की ते कुठूनतरी येतंच, आणि दाणीच्या, म्हणजे जोडी पळायच्या पट्ट्याच्या, बरोब्बर मध्ये बसून मांडी खाजवतं.

ग्वाल्हेर आणि आग्र्याच्या मधे कुठेतरी आमची गाडी उभी असताना तिकडे पात्रता फेरी झाली. कोण पहिला उभा राहणार ते तिथं ठरतं. सेबास्टियन व्हेटेल पहिला आल्याचं भाच्याच्या मित्रानं मेसेज करून कळवलं. शर्यतीच्या तीन दिवसांतले दोन आमचे असे प्रवासात संपले. मला त्याचं दुःख नव्हतं. करंज्या चांगल्या झाल्या होत्या आणि समोरच्या बाकावरचं कुटुंब गप्पिष्ट होतं.

रविवारी मेट्रो, मग बस, मग पायपीट. बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट ग्रेटर नोएडाच्या बाजूला, चहूकडे शेतं आणि मधे हा एवढा डोलारा. बाहेर एका टपरीवर चहा घेताना चहावाल्याला माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "पहले यहाँ क्या बोते थे?" शेतकऱ्याला दुसरं काय सुचणार! "गेहूँ, गन्ना, ज्वार, सब," तो म्हणाला, आणि कप विसळत राहिला. याच जिल्ह्यात त्याच वर्षी मे महिन्यात भट्टा-पारसौलला जमिनीच्या मोबदल्यावरून शेतकरी आणि पोलिसांत चकमक झाली होती, हे पेपरात वाचलेलं आठवलं. मी आणखी विचारलं नाही. आमच्या पटातही शेत कुणाचं तरी असतंच. पण संध्याकाळी ते परत त्याचं होतं.

ट्रॅक सव्वापाच किलोमीटरला जरासा कमी: ५.१२५. आकडा ऐकून मी मनातल्या मनात लोणारला गेलो. सरोवराच्या विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, म्हणजे काठाकाठानं फेरी मारली तर साडेपाच-पावणेसहा किलोमीटर होतात. जर्मनीच्या हर्मन टिल्केनं आराखडा काढून, माती इकडची तिकडे करून जे बांधलं, त्याहून मोठं चक्कर आमच्या शेजारी आभाळातून पडलेल्या एका दगडानं फुकटात करून ठेवलंय. फक्त तिथं पहिला यायचा तर कमळजा देवीच्या दर्शनाला उतरून परत चढावं लागेल, आणि टायर बदलून भागणार नाही.

भाच्यानं कानात घालायला फोमच्या बोळ्यांची जोडी दिली. मी पिशवीतून दिवाळीच्या वातींचा कापूस काढला. वऱ्हाडाच्या कडेचा माणूस, घरात कापूस असताना विकत घेतलेलं रबर कानात कशाला घालेल? शर्यत दुपारी तीनला सुरू झाली आणि पहिल्या पाच सेकंदांत मी भाच्याकडे हात पसरला. त्या काळची ती आठ सिलिंडरची इंजिनं मिनिटाला अठरा हजार फेरे घेत; तो आवाज कानातून नव्हे, छातीच्या फासळ्यांतून आत येतो. कापसाच्या आटोक्यातलं ते काम नव्हे.

आणि मोटारी? "मामा, आली, आली..." एवढं म्हणेपर्यंत ती गेलेली असायची. पुढच्या दीड मिनिटात ती परत येणार या भरवशावर आम्ही सगळे उजवीकडे मान वळवून बसायचो. मग सगळ्यांच्या माना एकदम डावीकडे, आणि पुन्हा उजवीकडे. असं साठ वेळा. रात्री माझी मान त्याच लयीत दुखत होती. मधल्या वेळात शेजारच्या सरदारजींनी पराठा दिला, मी चिवडा दिला. "ये क्या है जी, बहुत तीखा है," म्हणत त्यांनी तो संपवला.

ट्रॅक नवा, त्यामुळे मुख्य रेघ सोडून कुणी जरा बाहेर गेलं की धुळीचा लोट उठायचा. परदेशी चालकांना त्याची मोठी अडचण होती म्हणे. मला बरं वाटलं. फुफाट्याशिवाय शर्यत म्हणजे तेलाशिवाय ठेचा.

पण मला खरा धक्का बसला तो भाच्यानं संघ समजावून सांगितले तेव्हा.

"प्रत्येक संघाच्या दोन गाड्या असतात, मामा."

"म्हणजे जोडी."

"हो. पण त्या दोघी एकमेकींशीही शर्यत लावतात."

"एकाच मालकाच्या?"

"हो."

"अन् जू?"

जू नसतं. इथं माझं डोकं थांबलं. एकाच दावणीचे, एकाच मालकाचे दोन, आणि एक दुसऱ्याला मागे टाकायला बघतो! पटातल्या जोडीची सगळी कसोटी एकच: दोघांचं पाऊल एक पडतं का. एक बैल दुसऱ्याहून कितीही गुणी असला तरी त्याला एकट्याला बक्षीस मिळत नाही. जास्त पळाला तर छकडा तिरपा होतो, इतकंच.

"पुढं आहे ती गाडी कोणाची?" मी विचारलं.

"रेड बुल."

"म्हणजे लाल बैल?"

"हो."

"आणि ती निळी?"

"टोरो रोसो." तो जरा अडखळला. "इटालियन भाषेत... लाल बैलच."

मी सीटवर मागे रेललो. जुलैत सरकारनं बैलाला पळायची बंदी केली आणि ऑक्टोबरात दिल्लीच्या नाकासमोर लाल बैलांच्या दोन जोड्या, ताशी तीनशेच्या वर, तिकीट लावून! शिवाय शर्यत जिंकली ती लाल बैलानंच. व्हेटेल पहिला, त्याच दावणीचा मार्क वेबर चौथा. "एक पहिला, एक चौथा," मी भाच्याला म्हणालो, "आपल्याकडं छकडा उलथला असता." तोपर्यंत भाच्यानं मला उत्तरं देणं सोडलं होतं.

टायर बदलायला मोटार मधेच थांबायची तेव्हा मी खरोखर उभा राहिलो. वीसेक माणसं तुटून पडतात आणि चार-पाच सेकंदांत चारी चाकं नवी. आमच्याकडे बैलाला नाल मारायचे तर आधी त्याला दोरानं पाडावं लागतं, पाय बांधावे लागतात, एकानं शिंगं धरायची, एकानं शेपटीकडे बसायचं, नालबंदानं तंबाखू मळायची, आणि मग कामाला सुरुवात. पण मोटार काही मधेच नालबंदाकडे वळून बघत नाही, हेही आहे.

शर्यत सुरू होण्याआधी सगळे एक मिनिट शांत उभे राहिले होते. दोनच आठवड्यांत इंडीकार शर्यतींतला डॅन व्हेल्डन आणि मोटारसायकलवाला मार्को सिमोन्चेल्ली, दोघंही ट्रॅकवर गेले. भाच्यानं नावं सांगितली. पटात धुरकरी पडला की लोक आधी धावत जातात आणि मग विचारतात, कोणाचा? त्या मिनिटात एवढंच आठवत राहिलं.

शेवटी चौकड्यांचा झेंडा दाखवायला कोण, तर सचिन तेंडुलकर. आमच्या स्टँडातली माणसं दीड तास खुर्चीवर बसली होती ती तेव्हा उठली. दीड क्विंटल सोयाबीनच्या तिकिटावर मी मोटारी पाहायला आलो आणि घरी सांगायला मोठ्या पडद्यावर झेंडा हलवणारा सचिन घेऊन गेलो. बायकोनं विचारलंच, "कोण जिंकलं?" या वेळी मात्र मला लगेच आठवलं. "लाल बैल," मी म्हणालो. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

पुढे दोन्ही खेळांचं जे झालं ते मोठं गमतीचं आहे. दिल्लीची ती शर्यत तीनच वर्षं चालली. तिन्ही वेळा व्हेटेलच जिंकला, २०१३ला त्याचं चौथं जगज्जेतेपदही तिथंच पक्कं झालं, आणि मग करांच्या भांडणात सगळा बाजार उठला. बैलांचं उलट. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं बंदीवर शिक्का मारला. २०१७ला राज्यानं कायदा बदलला, तर उच्च न्यायालयानं अडवलं. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं तो कायदा कायम केला. म्हणजे मोटारी गेल्या आणि बैल आले. एवढ्या तारखा मला पाठ आहेत, कारण आमच्याकडे पाराच्या गप्पांत त्या लग्नाच्या तिथींसारख्या निघतात.

भाचा आता पुण्यात नोकरीला आहे. संभाजीनगरपर्यंत तो कुरकुरत येतो, तिथून समृद्धीवर चढतो, आणि मेहकरला उतरला की फोन करतो, "मामा, चहा ठेवा." समृद्धीवर एकशेवीसची मर्यादा आहे. तो किती वेगानं येतो हे मी विचारत नाही, बहीण विचारते. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस जळून पंचवीस माणसं गेली, तेव्हापासून तो पोचल्याचा फोन येईपर्यंत तिकडे ती आणि इकडे मी, दोघंही जेवत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी त्याला पटाला नेलं. तिकीट नव्हतं. त्याची गाडी गावाबाहेर बैलगाड्यांच्या रांगेत लावली. धुऱ्यावर आम्ही दुपारपर्यंत बसलो. एक जोडी सुटेना. पांढरा बैल खाली बसला आणि उठायचं नाव घेईना. चार माणसं त्याच्या कानाशी जाऊन काय काय सांगून आली. पंचांचं विजेवरचं घड्याळ तयार, लाऊडस्पीकरवाल्यानं जोडीमालकाचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं. भाच्यानं मोबाइल धरून धरून हात बदलला. शेवटी तो खाली करून त्यानं माझ्या हातातली भाकर मोडून घेतली, आणि नेमकी तेव्हाच जोडी सुटली.

"मामा, गेली?"

"गेली."

सगळं आटोपलं तेव्हा सूर्य खाली गेला होता. छकडे ट्रॉलीत चढले, बैलांच्या पाठीवर झुली आल्या, कुत्रं दाणीच्या मधोमध येऊन बसलं. शेताचा मालक एकटा चालत आला. त्यानं चपलेच्या टाचेनं माती उकरून बघितली. एवढ्या पायांखाली ती दगडासारखी बसली होती.

"औंदा दोनदा नांगरावं लागते," तो म्हणाला, आणि कुत्र्याला हाकलायला गेला.