हंगामी नातू

हंगामी नातू म्हणजे शहरात नोकरी करणारा, घरून काम करण्याची मुभा असलेला आणि उन्हाळाभर आजीचा स्वयंपाक व देखभाल आपण एकट्याने सांभाळली अशी समजूत बाळगणारा पुरुष. व्याख्येतले पहिले दोन घटक नसले तरी चालतात; तिसऱ्याशिवाय नातू हंगामी ठरत नाही. हे पद कायमचे नसते. वर्षभर त्या घरात स्वयंपाक करणारी काकू लेकीच्या बाळंतपणाला गेली की ते निर्माण होते आणि ती परतली की आपोआप रद्द होते. प्रस्तुत नोंद खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथील एका उदाहरणावर आधारलेली आहे. त्यातला नातू आणि नोंदीचा लेखक एकच असल्यामुळे माहिती डोळ्यांदेखतची आहे. ती निःपक्षपाती असल्याचा दावा मात्र करता येत नाही.

या पदाला कायद्याचा आधार आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केलेल्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात ‘अपत्ये’ या सदरात मुलगा-मुलीबरोबर सज्ञान नातू आणि नातही येतात, आणि निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार धरले आहेत. अन्न कसे शिजलेले असावे याविषयी कायदा काही बोलत नाही. हंगामी नातवांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

नातू येताना सामग्री घेऊन येतो. प्रस्तुत उदाहरणात तीत एअर फ्रायर, गोळ्यांचा सात खणांचा डबा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, ‘रुचिरा’ची घरातली जुनी प्रत आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा यांचा समावेश होता. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले ते वाटी-चमच्याच्या मापामुळे घराघरांत पोहोचले. म्हणजे काट्याची गरज नाही हे त्याच पिशवीतल्या पुस्तकाने पन्नासेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. आजीने काटा उलटसुलट करून पाहिला. खामगावची चांदीची बाजारपेठ प्रसिद्ध असल्यामुळे तिचा प्रश्न रास्त होता: “काहून रे पोऱ्या, चांदी आणली काय खामगावातून?” ओट्सचे खोके मागाहून आले. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव देवी आहे, पिंपळगाव सराई आहे, पिंपळगाव काळे आहे. शिवाय ‘राजा’ म्हणवून घेणारी सिंदखेड आणि देऊळगाव ही गावेही याच जिल्ह्यात. खोके यांपैकी कुठे कुठे मुक्काम करून आले ते कळले नाही. आजीने मूठभर ओट्स हातावर घेतले, फुंकर मारून पाहिली आणि ढोराले भिजवून टाकायचे की तसेच, एवढेच विचारले.

दिनक्रमात पहिली कसोटी भाकरीची. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते उकळत्या पाण्यात मळावे लागते. दळून बरेच दिवस झाले की त्याची विरी जाते आणि भाकरीच्या कडा फाटतात. पिंपळगावच्या आसपास आता कापूस आणि सोयाबीन दिसते, खरिपाची ज्वारी मागे पडली, त्यामुळे एके काळी पेवात साठवली जाणारी ज्वारी किराणा दुकानातून किलोने आणावी लागते. भाकरी फाटली तर हे सर्व कारण म्हणून सांगता येते. नातवाने ते सोयाबीनच्या बाजारभावासकट सांगितले. आजी तोपर्यंत भाकरी दुधात कुस्करून मोकळी झाली होती. कुस्करूनच खायची तर गोल थापायचा अट्टहास कशाला, एवढाच तिचा अभिप्राय. नातवाने त्याचा अर्थ ‘भाकरी जमली’ असा लावला आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. फोटोत फाटलेली बाजू ताटाच्या काठाआड आहे.

कूलरविषयी दोन शब्द पुरेत. वऱ्हाडात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर सहज जातो आणि कूलरच्या टाकीत रोज बादल्या ओताव्या लागतात. आजीलाही पाणी पाजावे लागते, कारण म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते. अंगातले पाणी कमी झाले तरी घसा सांगत नाही. कूलर नाही म्हणत नाही, हा फरक. आजीला पाण्याऐवजी पन्हे, ताक किंवा ‘शेजारणीने पाठवलेले सरबत’ या नावाने पाणी द्यावे लागते. सरबत शेजारणीने पाठवलेले नसते.

मिठाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे असे सांगते. म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, ठेचा सगळे आले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या आजीसाठी नातवाने हा नियम काट्यावर पाळला. ताट समोर आले की ती पहिला घास घेई आणि विचारी, “मीठ टाकलं काय रे?” टाकलेले असे. काट्यावर मोजून टाकलेले असे. पाककलेवर रोज होणारा हा वार नातवाला झोंबला. त्याने आमटीला खमंग फोडणी दिली, कैरी किसून घातली, लिंबू पिळले; प्रश्न तोच. शेवटी एका दुपारी तिने काकूने घातलेल्या आंब्याच्या लोणच्याची फोड तोंडात ठेवली आणि तोच प्रश्न लोणच्याला विचारला. त्या लोणच्यात मीठ कमी असणे शक्यच नव्हते.

वय वाढते तशी चव कमी कळू लागते, आणि वास त्याहून कमी. चवीचा मोठा भाग वासाचा असल्यामुळे सगळेच अन्न हळूहळू एकसारखे लागू लागते. ज्या बाईने आयुष्यभर चिमटीच्या अंदाजाने पंगती वाढल्या, जिची आमटी कधी खारट-अळणी झाली नाही, ती आता तोंडात घास ठेवून शोधत बसते. तिचा प्रश्न टीका नव्हता, ती चौकशी होती. घासाची चव लागत नसतानाही ती नातवाने वाढलेले संपवत होती, हे मग ध्यानात आले. एवढे झाल्यावर काटा माळ्यावर गेला. मीठ पूर्वीइतकेच राहिले. आमसूल, भाजलेले जिरे आणि कोथिंबीर यांचे प्रमाण वाढले.

वैशाखातल्या देखभालीचा मुख्य भाग म्हणजे उन्हाळी कामे, आणि उन्हाळी कामांतला मुख्य भाग म्हणजे कुरडई. येथे कुरडईवर प्रमाणाबाहेर लिहिले जाणार आहे. ज्यांना केवळ वृद्धसेवेत रस आहे त्यांनी पुढचा भाग वगळावा. तशी माणसे पिंपळगावात आढळली नाहीत.

गहू तीन दिवस भिजत घालतात आणि पाणी रोज बदलतात. दुसऱ्या दिवसापासून घरात जो आंबूस वास पसरतो तो व्हिडिओ बैठकीतून पुण्याच्या साहेबांपर्यंत जात नाही, एवढ्यापुरती विज्ञानाची प्रगती मान्य करावी लागते. भिजलेले गहू वाटायचे, पाण्यात कालवायचे, फडक्यातून पिळायचे. चोथ्याच्या भुसवड्या होतात, कारण काही टाकून देणे या घराच्या रीतीत बसत नाही. पांढरे पाणी रात्रभर निवते, चीक तळाशी बसतो आणि सकाळी वरचे पाणी हलक्या हाताने ओतून टाकतात. हा हलका हात नातवाकडे नसल्याचे आजीने न पाहताच ठरवले आणि ते काम स्वतःकडे ठेवले.

मग आधण. पाण्यात मीठ, हिंग. उकळी फुटली की एकाने चीक ओतायचा आणि दुसऱ्याने हाटायचा. हात थांबला की गाठी. गव्हाचे सत्त्व उष्णतेने पाणी पिऊन फुगते, दाटते आणि त्याचा दुधट रंग जाऊन ते काचेसारखे दिसू लागते. यामागची रासायनिक प्रक्रिया नातू समजावून सांगू लागला तेव्हा “बोलू नको, हाट,” असे उत्तर मिळाले. पाठ्यपुस्तकांत ही प्रक्रिया याहून थोडक्यात सांगितलेली नाही. चीक गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा लागतो, कारण निवला की दांडा फिरत नाही. आणि हे सगळे ऊन चढायच्या आत. गच्चीवर जुने धुतलेले लुगडे अंथरायचे, त्यावर वेटोळी पाडत मागे सरकत जायचे आणि शेवटी आपण जिन्याच्या बाजूलाच निघू याची आधीच काळजी घ्यायची. नातू विरुद्ध कोपऱ्यात निघाला. कुरडया थोड्या सुकेपर्यंत त्याने कार्यालयाचे दोन फोन तिथूनच घेतले.

उरलेला चीक वाटीत घेऊन तेल-तिखट किंवा साखर घालून गरमगरम खातात. कुरडई हा या खाण्याचा जोडधंदा आहे असे नातवाचे मत झाले असून ते मागे घेण्याचे कारण अद्याप सापडलेले नाही.

कुरडईचे जिल्ह्यातले वजन ताटापुरते नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलात अठरा धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, आणि घागरीवर पापड, कुरडई वगैरे पदार्थ. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले नि काय जागेवर राहिले ते पाहून पाऊसपाणी, पिके आणि राजकारण यांचे भाकीत वर्तवतात. ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगितली जाते; अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा तिला विरोध आहे. आजीची शंका निराळीच होती: रात्रभर उघड्यावर ठेवलेली कुरडई सकाळी नरम पडत असेल, तिचं पुढं काय करतात?

या प्रकरणातली वैद्यकीय दृष्ट्या नोंद घेण्यासारखी बाब अशी की, गुडघ्यांमुळे ओसरीची पायरीही न उतरणारी आजी कुरडयांच्या पहाटे जिना चढून गच्चीवर पोहोचली होती. नातवाने आखलेल्या ‘रोज वीस पावले’ या तक्त्यात जिना नव्हता. ती खुर्ची टाकून बसली, कावळे हाकलले, वेटोळी मोजली आणि दोन मोडून परत पाडायला लावली. देखभाल कोण कुणाची करत होते, हे त्या दिवशी गच्चीवर आलेल्या कुणाही तिऱ्हाइताला सांगता आले असते. नातवाला सांगणारे कोणी नव्हते.

प्रवासाचे नियम सोपे आहेत. एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही आणि स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे, त्यामुळे डोळे तपासायला खामगावला जाताना आजी फुकट आणि तिला सांभाळून नेणारा पूर्ण दरात जातो. शेगावला जाताना आणखी एक नियम लागू होतो. तळलेले खाऊ नये हा डॉक्टरांचा सल्ला गजानन महाराजांच्या दर्शनाआधी लागू असतो. दर्शनानंतर कचोरीला आजी प्रसाद म्हणते.

आता कौतुकाविषयी. ते भरपूर मिळते. पोऱ्या पुण्याहून येऊन बुढीचा स्वयंपाक करतो, ही बातमी आठवड्यात गावभर झाली. बाया ओट्याशी येऊन बघून गेल्या. “लय गुणाचं पोरगं हाय वं माय,” हे वाक्य नातवाने इतक्या वेळा ऐकले की ते आले नाही त्या दिवशी चुकल्यासारखे वाटू लागले. तो मुद्दाम दार उघडे ठेवून भाकऱ्या थापू लागला. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असे आढळले. कौतुकाची मिनिटे मोजली असती तर आकडे उलटे आले असते.

काकूने हेच काम त्याच ओट्याशी लग्नापासून केले. तिचे दार उघडे असे तेही धूर जावा म्हणून. तिला बघायला कोणी आले नाही, आणि तिच्या भाकरीचा फोटो घरातल्या कुणाच्याही फोनमध्ये नाही. नातवाने शोधून पाहिला. ती रोज सकाळी लेकीच्या घरून फोन करी आणि गोळ्या दिल्या का, एवढेच विचारी. तिचे काम चालू होतेच, बाळंतिणीकडे; तेवढे एक ठिकाण बदललेले. यावर विनोद सुचलेला नाही.

मृगाच्या तोंडावर काकू परतली आणि पद रद्द झाले. हस्तांतरणात गोळ्यांचा डबा काकूने ठेवून घेतला, एअर फ्रायर नातवाबरोबर पुण्याला गेला आणि ओट्स कुठे गेले याची चौकशी कोणी केली नाही. आजीचा अंतिम अभिप्राय ‘बरं करते’ असा आहे. पुढच्या वर्षी कुरडयांसाठी किती लोकवन गहू भिजवायचा, हा आकडा तिने काकूला सांगून ठेवला आहे. यंदाच्या दुप्पट आहे म्हणतात. हाटायला कोण येणार, तेही ठरले आहे. फक्त त्याला अजून कळवलेले नाही.