माळ्यावरच्या खोक्यासंबंधी

केंब्रिज,
श्रावण

तीर्थरूप मामंजी व तीर्थरूप सासूबाई यांचे चरणी सुनेचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडे सर्व क्षेम असून आपले क्षेम कळवीत जावे. मुलांच्या प्रकृती उत्तम आहेत. आपल्या चिरंजिवांचीही प्रकृती उत्तम आहे. वृत्तीविषयी मात्र तितक्या निःशंकपणे लिहवत नाही, आणि हे पत्र त्या वृत्तीसंबंधीच आहे. आपली सारी हयात मामलेदार कचेरीत गेल्याने कैफियत कशी मांडावी हे मी आपल्याच पत्रांवरून शिकले आहे, तेव्हा मजकूर लांबला तरी तो दप्तरी दाखल करून घ्यावा.

ज्या वयात इतर गृहस्थ बागेतले गवत कापतात किंवा गुडघ्यांच्या औषधांची चौकशी करितात, त्या वयात आपले चिरंजीव, कचेरीतून परतल्यावर पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेऊन, चाळीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम खेळतात, खेळतानाचे चित्रण करितात, त्यावर आपल्या सदाशिव पेठी इंग्रजीत भाष्य करितात आणि ती चित्रफीत यूट्यूबवर प्रसिद्ध करितात. या उद्योगाची जमेची बाजू अद्याप कोरी आहे. खर्ची मात्र जुनी यंत्रे, तारा, दिवे, मायक्रोफोन आणि माझा संयम इतक्या रकमा पडलेल्या आहेत. छंदाचा हिशेब मांडावयाचा नसतो, असे मला सांगण्यात आले. आणि हे सांगणारे गृहस्थ मुलीच्या नृत्यवर्गाच्या पावतीवरची बेरीज स्वतः करून पाहिल्यावाचून पैसे भरीत नाहीत.

या साऱ्या उपद्व्यापाचे आराध्यदैवत म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा संगणक. तो याच गावच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणिला. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रास १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या यंत्रास १७५ पौंड अशी त्याची किंमत होती. धाकटीने फोनवर काढलेल्या मांजराच्या एका छायाचित्रास याहून कितीतरी अधिक जागा लागते. परंतु त्या ४८ किलोबाइटांत त्या काळच्या पोरांनी अख्खी साम्राज्ये वसविली, असे चिरंजिवांचे म्हणणे आहे, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. मॅथ्यू स्मिथ नामक सतरा वर्षांच्या मुलाने १९८३ साली रचलेला ‘मॅनिक मायनर’ हा खेळ मी स्वतः पाहिला आहे. एक बापुडा खाणकामगार एकामागून एक अशा वीस गुहांत किल्ल्या गोळा करीत, हवा संपण्यापूर्वी बाहेर पडण्याची धडपड करितो. आणि त्याच्या मागे ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराची एक प्रसिद्ध चीज इतक्या बारीक आवाजात आणि इतकी अखंड वाजत असते, की हवा आधी संपावी अशी प्रार्थना प्रेक्षकच करू लागतो.

खेळ सुरू होणे हा तर स्वतंत्र संस्कार आहे. तो साध्या कॅसेटवरून यंत्रात उतरवावा लागतो. टेपरेकॉर्डर लावला, की सुमारे पाच मिनिटे असा काही चीत्कार चालतो, की शेजारच्या आजीबाईंनी एकदा कोणी आजारी आहे का म्हणून दारावर टकटक केली. त्या अवधीत पडद्याच्या कडेने आधी तांबडे-निळसर आणि मग निळे-पिवळे पट्टे धावत राहतात. आणि एवढी घटका भरल्यावर कित्येकदा ‘टेप लोडिंग एरर’ असा निवाडा होतो, ज्यावर अपील नाही. मग चिरंजीव बारीक पेचकसाने टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवितात आणि पुन्हा पहिल्यापासून. धाकटीने विचारले, “बाबा, हे सुरू कधी होणार?” त्यावर तिला उत्तर मिळाले, की वाट पाहणे हाच खेळाचा अर्धा भाग होय. ती पट्टे पाहण्यात रमली खरी. पण प्रत्यक्ष खेळ अवतरताच निराश होऊन उठून गेली.

चित्रणाचे कष्ट त्याहून दारुण. खेळ आजच्या सपाट पडद्यावर दाखविल्यास पाप लागते, अशी या पंथाची श्रद्धा असल्याने जुना काचेच्या नळीचा दूरचित्रवाणी संच हवा. आणि तो संच घरात आणिला त्या दिवशी, जात्याची खालची पाळी जिन्यावरून वर चढवावी तसे दोन धट्टेकट्टे शेजारी पायरीपायरीवर विसावा घेत होते. त्या पडद्यावरचे चित्र सेकंदास पन्नास वेळा नव्याने रेखाटले जाते. कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळला नाही तर चित्रात काळ्या लाटा सरकू लागतात आणि सगळे श्रम रद्दबातल होतात. शिवाय काचेत बाहेरचा उजेड पडता कामा नये. या देशात ऊन हा दुर्मीळ ऐवज आहे हे आपण जाणताच. तो पदरात पडतो नेमका त्याच दिवशी आमच्याकडे पडदे ओढलेले असतात.

यंत्रात रंगांचाही एक मौजेचा घोळ आहे. स्मृती वाचविण्यासाठी पडद्याचे बारीक चौकोन पाडून प्रत्येकास केवळ दोनच रंगांची परवानगी दिलेली असल्याने, नायक झुडपाजवळून गेला की झुडपाचा रंग त्याच्या अंगाला लागतो. त्या काळी हा दोष म्हणून खरेदीदार कुरकुर करीत. आज चिरंजिवांसारखी मंडळी त्यावर सद्गदित होऊन भाष्य करितात. ज्याची ज्याची तेव्हा तक्रार होती, त्याचीच आता भक्ती चालते, असे माझे निरीक्षण मी जेवताना बोलून दाखविले. ते पुढच्याच चित्रफितीत, माझा नामनिर्देश न होता, त्यांच्या मुखातून बाहेर पडले.

मागे एका रविवारी आम्हां सर्वांस किंग्ज परेडवर नेण्यात आले. सारे जग तेथे रस्त्यापलीकडच्या किंग्ज कॉलेजच्या भव्य प्रार्थनामंदिराची छायाचित्रे घेत असता, आपले चिरंजीव त्या मंदिराकडे पाठ फिरवून समोरच्या दुकानांच्या ओळीतील सहा क्रमांकाच्या इमारतीचे चित्रण करीत उभे राहिले, कारण स्पेक्ट्रमच्या आधीच्या काळात सिंक्लेअर यांची कचेरी तेथे होती. एका जपानी कुटुंबाने, येथे काही विशेष असावे या समजुतीने, त्याच इमारतीपुढे उभे राहून आपले छायाचित्र काढवून घेतले. कॅमेरा मीच धरिला होता.

आता मूळ मुद्द्यावर येते. या चित्रफितींचे प्रेक्षक बहुतांशी पन्नाशीपुढचे इंग्रज गृहस्थ आहेत. त्यांनी पोरवयात टपालाने मागणी नोंदवून, पैसे भरून, हे यंत्र दारात येण्याची वाट पाहिलेली आहे. त्यांच्या बाळपणाचे वर्णन त्यांनाच ऐकविण्याचा हा उद्योग म्हणजे पंढरपुरात जाऊन बडव्यांस विठ्ठलाची माहिती देणे होय, हे मी आरंभीच सुचविले होते. ते प्रत्येक चुकीची दुरुस्ती अत्यंत विनयाने कळवितात. तो विनयच फार झोंबतो. परंतु एकदा, केवळ ओघात, चिरंजीव बोलून गेले, की पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात रीतसर परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने हेच यंत्र आपल्याकडे विकले, आणि माझ्या वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून ते मला घेऊन दिले. झाले! साऱ्या इंग्लंडास तेच हवे. ज्या सिंक्लेअर यांनी संगणकाचा हा धंदा १९८६ साली अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीस ५० लाख पौंडांस विकून टाकिला, त्यांच्या यंत्राचा वंश त्यानंतरही पुण्यास नांदत होता, याचे त्यांना मोठे अप्रूप वाटले. कळा कशा होत्या, किंमत काय पडली, फिती कोठे मिळत, वीज गेल्यावर काय करीत असत, असे प्रश्न येऊ लागले. दुसऱ्यांच्या आठवणी उसन्या घेऊन मिरविणाऱ्या माणसाजवळ स्वतःची अस्सल आठवण निघाली, आणि तीही तारण ठेवण्याजोगी, हे मला तर फारच बरे वाटले. आपण ते यंत्र मुलाचे गणित सुधारावे म्हणून घेतले होते, हे त्यांनी प्रेक्षकांस सांगितले; गणिताचे पुढे काय झाले, हे मात्र चतुराईने गाळले.

येथे एक जुने प्रकरण उघडकीस आले, ते आपणांपासून लपवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. आपण आकाशवाणीवरून उतरवून घेतलेली नाट्यपदांची एक कॅसेट घरातून नाहीशी झाली होती व तिचा आळ आत्याबाईंच्या थोरल्यांवर आला होता, हे आपणांस स्मरत असेलच. मागल्या खेपेस येथे आणलेल्या फितींपैकी एक चिरंजिवांनी परवा चित्रणासाठी लाविली. पाच मिनिटे नेहमीचा चीत्कार झाला, गेम उतरला, आणि टेप बंद करण्याचे भान न राहिल्याने क्षणभर शांतता होऊन एकाएकी ऑर्गन वाजू लागला व कोणा गायकाची अर्धी तान, जेथून ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तोडली होती तेथूनच, पुढे निघाली. आरोपीचा चेहरा पाहण्यासारखा होता. तोही चित्रित झाला आहे. पंचनाम्याची मुळीच गरज नाही.

तर विनंती अशी, की माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेमागे ते यंत्र असावे. ते भंगारवाल्याकडे गेले नसल्याची खातरजमा करावी. खरेदीची पावती व पतपेढीचा कर्जरोखा आपल्या दप्तरात असणारच, त्यांच्या नकला पाठवाव्यात. यंत्र चालू करून पाहू नये. कळांखालची पातळ पट्टी इतक्या वर्षांनी तडकते म्हणतात, आणि पुरवठ्याची तार तर मुळीच जोडू नये. मात्र या छंदात यंत्राहून मूळच्या खोक्याचे मोल अधिक मानितात, आणि घोडे नेमके तेथेच अडले आहे. त्या खोक्यातल्या थर्माकोलच्या साच्यात सासूबाई इतकी वर्षे गौरींचे मुखवटे ठेवीत आल्या, म्हणूनच तो शाबूत राहिला; तेव्हा त्यावर वहिवाटीचा हक्क त्यांचाच आहे, आणि तो मोडण्याचा अर्ज करण्याची माझी छाती नाही. भाद्रपदात गौरी बसल्या की ते तीन दिवस खोका रिकामा राहील, तेवढ्यात त्याचे सर्व बाजूंनी चित्रण करून घेता येईल, असा तोडगा मी काढला आहे. आपल्या कुटुंबात चांगला कॅमेरा आत्याबाईंच्या थोरल्यांपाशीच आहे. त्यांना फोन करण्याचे चिरंजीव रोज उद्यावर ढकलीत आहेत. तेव्हा निरोप आपणच द्यावा, आणि माफीनामा लेखी हवा की तोंडी चालेल, तेही विचारून कळवावे.

मुलांचे साष्टांग नमस्कार. लोभ असावा, ही विनंती.

आपली आज्ञांकित
सून