सही एकाची, डिक्री गावावर

जळगाव नगरपालिकेने १९८९ ते २००१ या काळात हुडको या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण कर्जसंस्थेकडून सुमारे १४१ कोटी रुपये उचलले. हप्ते थकले, व्याज चढत गेलं. २०१४ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणाची डिक्री आली ती सुमारे ३४० कोटींची.

दरम्यान नगरपालिकेची महापालिका झाली होती. पाटी नवी, देणं जुनंच.

खाती सील झाली. सफाई कामगारापासून कारकुनापर्यंत सगळ्यांच्या पगाराचे वांधे. यांतल्या कोणी कर्जाच्या कागदावर सही केली होती? डिक्री पालिकेवर होती, सह्या करणाऱ्यांवर नव्हे.

मग पालिका अपिलात गेली. जायलाच हवं होतं. पण कायदा काय म्हणत होता? अपील ऐकायचं तर डिक्रीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरा. सूट मिळेल, पण ती अपिलीय न्यायाधिकरणाला पटली तर. ३४० कोटींचे ७५ टक्के म्हणजे २५५ कोटी.

एवढे गाठीला असते तर कोर्टाची पायरी चढायची वेळ आली असती का?

२०१६ मध्ये ही अट ५० टक्क्यांवर आली. कितीही गयावया केली तरी किमान २५ टक्के भरावेच लागतात. बडे कर्जबुडवे अपिलाच्या आडून वर्षानुवर्षं झुलवतात, त्यांना आवर हवाच. पण त्याच चाळणीत खरी तक्रार असलेला छोटा कारखानदारही अडकतो, त्याचं काय?

शेवटी २०१९ मध्ये सुमारे २५३ कोटींत तडजोड झाली. राज्य सरकारने पैसे भरले आणि त्यातला निम्मा वाटा महापालिकेने हप्त्याने फेडायचा ठरला. महापालिकेने म्हणजे घरपट्टी भरणाऱ्याने.

कर्जाच्या दाव्यात प्रश्न दोनच असतात. घेतले का? फेडले का?

पैसे गेले कुठे, हे तिथे कोणी विचारत नाही. हुडकोच्या पैशांवर उभ्या राहायच्या घरकुलांबाबत तो प्रश्न धुळ्याच्या विशेष न्यायालयात विचारला गेला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जण गैरव्यवहाराबद्दल दोषी ठरले. जैन यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटींचा दंड. त्यावर उच्च न्यायालयात अपिलं झाली. तो त्यांचा हक्कच आहे. पण गुन्हा नोंदला गेला २००६ मध्ये आणि निकालाला २०१९ उजाडलं. व्याज कधी असं थांबून राहतं का?

आता शहर सोडा, घराकडे या. धुळ्यातला एखादा रिक्षावाला, यावलचा केळीवाला. थकलेल्या कर्जाच्या दाव्याचं समन्स आलं, भीतीने घेतलं नाही. दावा एकतर्फी निकाली. अशी डिक्री रद्द करून घ्यायला मुदत ३० दिवस. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर निकाल कळल्या दिवसापासून ३० दिवस. अनेकांना तो कळतो जप्तीचा बेलीफ दारात उभा राहिल्यावर.

शेतकऱ्याला पोटापाण्यासाठी लागणारी बैलजोडी, शेतीची अवजारं, बियाणं जप्त करता येत नाही. स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्याचं राहतं घरसुद्धा जप्तीतून वगळलेलं आहे. ते गहाण टाकलं असेल तर गोष्ट वेगळी. हे त्या दारात त्याला सांगतं कोण?

आणि लोकअदालत. तिथे तडजोडीवर सही केली की अपील संपलं. ‘सही करा, मिटून जाईल’ एवढंच कानावर पडतं. अपील नाही, हे सही करण्याआधी मोठ्याने सांगितलं गेलं पाहिजे, अहिराणीत सांगावं लागलं तर अहिराणीत.

जळगावात आणि धुळ्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं आहेत. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मग प्राधिकरणाचा पत्ता आणि फोन नंबर समन्सवरच ठळक छापायला अडचण काय आहे?